दुपारची पायरी

१४ जानेवारी

या दोन हातांनी आजवर काय काय केलं, ते एकदा ओळीनं लिहून ठेवतो. सायकलच्या फ्रेमवर बसवलेला लाकडी लेथ. आठ इंची आरशाची दुर्बीण. आरसा मीच घासला. नारळ सोलायचा पायदाबी खांब. विहिरीची पातळी दाखवणारा तरंगता काटा. देवळातलं भरती-ओहोटीचं घड्याळ, ज्याला चावी द्यायला पुजारी विसरतो आणि मग घड्याळ चुकतं म्हणून मलाच ऐकवतो. पंपाच्या मोटारींना तार गुंडाळायचं यंत्र. बोर्लीतलं माझं वर्कशॉप त्याच्यावरच चालतं. कुमुदसाठी सुपारी सोलायचं यंत्र (अर्धवट). आणि आता हा पिळाचा काटा.

केसाहून बारीक टंगस्टनच्या तारेला आडवी काडी टांगली आहे. काडीच्या टोकांना शिशाच्या दोन लहान गोळ्या. शिसं कोळ्यांच्या फाटक्या जाळ्यांचं, मी वितळवून ओतलेलं. शेजारी शिशाचे दोन मोठे गोळे आणून ठेवले की लहान गोळ्या त्यांच्याकडे ओढल्या जातात आणि तार पिळते. ही ओढ म्हणजे गुरुत्व. पृथ्वीचं नव्हे, गोळ्याचं गोळ्याला. पीळ डोळ्याला दिसण्याजोगा नसतो, म्हणून काडीवर आरशाचा तुकडा, आरशावर लेसर, आणि समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर लाल ठिपका. जुना मोबाइल दर मिनिटाला ठिपक्याचा फोटो काढतो. मी दिवसभर बोर्लीला असलो तरी काटा एकटा काम करतो.

जागेसाठी सुपारीची खोली घेतली. वारा नाही, ऊन नाही, खाली जांभा. कुमुद म्हणाली, "मग मी सोलायला कुठं बसू?" म्हटलं, घर काय लहान आहे? पलीकडे कोठी आहे की. ती म्हणाली, "बरं."

काट्याच्या खोलीचं दार माझ्याशिवाय कोणी उघडायचं नाही, असं दोनदा सांगितलं.

१९ जानेवारी

निवेदिताचा फोन. चुलतभावाची मुलगी, पुण्यात पुंज गुरुत्वावर, म्हणजे क्वांटम ग्रॅव्हिटीवर, पीएच.डी. करते. आमच्या घराण्यात सगळे मास्तर, इंजिनिअर, ऑडिटर. बारावीला अडकलेला मी एकटा. पण अशा विषयांवर पोरगी बापाशी बोलत नाही, माझ्याशी बोलते. हे भाऊला लागतं, मला माहीत आहे.

विचारलं, "तुम्ही लोक नक्की मोजता काय?"

"तीच तर पंचाईत आहे काका," म्हणाली. "प्रकाशाचा एकेक कण मोजता येतो. गुरुत्वाचाही कण असेल, तर तो धरायला गुरू ग्रहाएवढं यंत्र लागेल, आणि तेही दहा वर्षांत एखादाच धरेल. त्यात दुसरं दुखणं. गुरुत्व म्हणजे स्थळकाळच हलणं. मग 'इथं इतकं आहे' असं म्हणायचं तर 'इथं' म्हणजे कुठं? कशाच्या शेजारी? हे आधी सांगावं लागतं. मोजणारा बाहेर उभा राहून मोजतोय असं चालतच नाही."

म्हटलं, मोठ्या यंत्रांना दिसत नाही ते कधी कधी टेबलावर दिसतं. "हो काका, काही लोक टेबलावरच बघायला निघालेत," म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली की खरंच म्हणाली, ते फोनवर कळलं नाही.

२ फेब्रुवारी

आज जे लिहितो आहे ते शांत डोक्यानं लिहितो आहे.

मोठे गोळे जागचे हलवलेले नाहीत. तरीही रोज दुपारी ठिपका एका जागेवरून उठतो, थोडा झुलतो, आणि वरच्या जागी जाऊन बसतो. तिथं तासभर थांबतो. मग खाली येतो, पुन्हा वर जातो. मधल्या जागी कधीच थांबत नाही. आलेख काढला तर सरळ पायरी दिसते.

गुरुत्व उताराने बदलावं, जिन्यानं नव्हे. पायरी-पायरीनं बदलणं हा पुंजाचा धर्म आहे.

भरतीचं कोष्टक लावून पाहिलं. पटत नाही, भरती रोज पुढे सरकते, पायरी जेवणानंतरच येते. पंप बंद. रस्ता लांब. फणसाचं झाड आहे तिथंच आहे.

कुमुदला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं झालं. हात धुवा, पानं घेतलीत."

११ फेब्रुवारी

मंगळवारी आणि शनिवारी पहिल्या पायरीवर दुसरी पायरी चढते. उंची पहिलीच्या बरोबर निम्मी. पुंजविद्येत अर्ध्याचं महत्त्व फार मोठं आहे. वाचनालयातली दोन्ही पुस्तकं पुन्हा काढली.

सकाळी ठमाबाई नारळ मोजायला आली होती. मागच्या वाडीतली, अंगानं दणकट. आठवड्यातून दोन दिवस कुमुदच्या मदतीला असते. पडवीत बसून कुमुदला म्हणत होती, "वैनी, पानी किती पिता वो तुमी? कळशी रिती केलीत." म्हटलं, बायकांनो, जरा हळू, मी गणितात आहे. ठमाबाई म्हणाली, "दादा, गनितात बसा, न्हाय म्हणतंय कोन? पन भिताडाला कान लावून बसू नका." दोघी हसल्या.

२७ फेब्रुवारी

काल पायरी आली नाही. एकही नाही. ठिपका दिवसभर सरळ रेषेत.

काल महाशिवरात्र. आज अमावास्या. चंद्राशी संबंध असणार! चंद्र-सूर्य एका अंगाला आले की काहीतरी झाकलं जातं. मागच्या अमावास्येला काटा नीट स्थिर झाला नव्हता, त्यामुळे ताडून पाहता येत नाही.

कुमुद आणि ठमाबाई काल हरिहरेश्वरला गेल्या होत्या. रात्री उशिरा आल्या. मला साबुदाणा स्वतः परतावा लागला, तो खाली लागला.

८ मार्च

अडचण. पायरी लहान होते आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीशी ताडता सहाव्या हिश्शानं खाली. शिवाय तुटक झाली आहे. पूर्वी ठिपका तासभर वर राहायचा. आता पाव तासात खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

तारेला थकवा आला असणार. नवी तार टांगली, मोठे गोळे जवळ आणून माप बरोबर करून घेतलं. माप बरोबर. पायरी मात्र लहानच.

कुमुदला दोन पोलकी आत घ्यायला टाकायची आहेत. मी म्हटलं, होळीच्या तोंडावर शिंपी शिवणार आहे का? नंतर टाक.

१६ मार्च

काल बोर्लीच्या वाचनालयात माझं व्याख्यान झालं. 'गुरुत्वाची पायरी: आपल्या किनाऱ्यावरचा एक शोध.' खुर्च्या कमी पडल्या. हेडमास्तर स्वतः उभे होते. मला बारावीला वर्गाबाहेर उभं केलं होतं ते यांच्याच वडिलांनी. एवढं मनात आलं, ते इथं लिहितो. तिथं बोललो नाही.

शिवदास मोकल म्हणून एक गृहस्थ पनवेलहून मुद्दाम आले होते. आधी ट्रक होते, आता क्लासेस; तीन मजली इमारत आहे म्हणे. म्हणाले, "सर, एक नंबर. हा काटा आपल्या लॉबीत पाहिजे. काचेत ठेवू, खाली तुमचा फोटो. पोरं येतील, बघतील, ॲडमिशन घेतील. पाच लाख."

म्हटलं, शोध विकायला काढलेला नाही.

"विचार करा सर. घाई नाय आपल्याला."

घरी येताना वाटलं, तो वाढवेल. हे वाटलं तेही लिहून ठेवतो.

२२ मार्च

निवेदिताला सगळे आलेख पाठवले होते. आज फोन.

"काका, दुपारीच का?"

"तेच तर शोधायचं आहे."

"शेजारच्या खोलीत काय आहे? गुरुत्वाला आडोसा नसतो हं. विजेला पत्र्यानं झाकता येतं, ह्याला भिंत-दार काही लागत नाही. पलीकडे जे असेल ते सगळं ओढणार."

मला राग आला. मी काय पोरखेळ करतो आहे? कुडाच्या भिंतीपलीकडच्या कोठीतली एकेक वस्तू मी जानेवारीतच वजन करून कोष्टकात घातली आहे, अंतरासकट. तांदळाचं पिंप, पाटा-वरवंटा, नारळाचे ढीग, तांब्याचा हंडा. मांजरसुद्धा. कोष्टक पाठवलं.

"फार छान केलंय काका," म्हणाली. मग म्हणाली, "आणि पलीकडे कोण असतं?"

"कोणी नाही," म्हटलं.

कुमुद तेव्हा समोर उभी होती, चहाचा कप घेऊन.

पाडव्याला सगळ्यांना घरी बोलावलं आहे. प्रात्यक्षिक. निवेदिता येते म्हणाली.

३० मार्च, पाडवा

पायरी आली नाही.

वीसेक माणसं ओटीवर, हेडमास्तर, मोकल, जिल्ह्याच्या पेपरचा माणूस. पडद्यावर ठिपका दाखवायची सोय केली होती. दुपार टळली, ठिपका हलला नाही. लोक आधी घड्याळाकडे, मग एकमेकांकडे. कोणीतरी म्हणालं, "आज त्यालाही सुट्टी आहे."

उद्या लिहीन.

३१ मार्च

काल जे घडलं ते क्रमानं लिहितो. काही वगळणार नाही.

ठिपका हलत नव्हता आणि कुमुद पन्ह्याचे पेले घेऊन ओटीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून ओटीवर करत होती. सकाळपासून पुऱ्या तळून तिचा चेहरा उतरला होता. हे मला आज आठवतं. काल दिसलं नाही. काल मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अगं, तू मधे मधे नाचतेस म्हणून काटा बिथरतो. ज्यातलं कळत नाही तिथं पाय कशाला घालतेस?"

ती म्हणाली, "तुमच्याच माणसांना तहान लागली होती." आणि आत गेली. हेडमास्तर छताकडे बघत राहिले.

माणसं पांगली. मोकल जाताना म्हणाले, "होतं सर असं. डेमोला गाडी कधीच स्टार्ट होत नाय." मी ओटीच्या कडेला बसून होतो. निवेदिता एकटी काट्याच्या खोलीत होती.

आतून तिची हाक आली. "काका. आली."

पळत गेलो. ठिपका चढत होता. डोळ्यांदेखत वरच्या जागी जाऊन बसला. मी म्हटलं, मोकलांना फोन लाव, गाडी अजून लांब गेली नसेल. निवेदितानं माझं मनगट धरलं. तसंच मला बाहेर नेलं, माजघरातून कोठीच्या दारापर्यंत.

कुडाच्या भिंतीला पाठ लावून कुमुद बसली होती. पाय लांब सोडलेले, डोळे मिटलेले. पुढे सुपारीचा ढीग, मांडीवर कोयती. तिच्या पाठीच्या आणि माझ्या काट्याच्या मधे एक कूड आणि दीडेक हात अंतर.

निवेदिता हळूच म्हणाली, "काकू, जरा उठता?"

कुमुदनं डोळे उघडले. "कोणाचा चहा राहिलाय का?"

खांबाला धरून ती उठली. निवेदिता परत खोलीत गेली आणि तिथून म्हणाली, "उतरला."

"काय उतरलं?" कुमुदनं मला विचारलं.

निवेदितानंच येऊन सांगितलं, सोप्या शब्दांत. काकूंचंही गुरुत्व असतं, काकू बसल्या की काटा त्यांच्याकडे वळतो. दुसरी, निम्मी पायरी ठमाबाईची. ती वजनानं जास्त पण समोर, लांब बसते. मी बोर्लीला असतो, तेव्हा जेवणं झाली की दोघी इथं सोलतात. जानेवारीपासून. मी सुपारीची खोली घेतली तेव्हापासून. इथं कूड गार लागतो म्हणून पाठ टेकते, असं कुमुद म्हणाली.

मग तिनं कोष्टक मागितलं. चष्मा लावून सगळं वाचलं.

"मनी पण आहे यात."

"हो."

"मांजरीचं वजन कधी केलंत?"

"जानेवारीत. पिशवीत घालून."

तिनं कागद घडी घालून परत दिला. "अक्षर छान आहे," म्हणाली.

लाज कशाची वाटते ते नीट लिहायचं म्हणून बसलो आहे. वीस माणसांपुढे पडलो, त्याची वाटते. खोटं कशाला लिहू? पण ती उद्या-परवा कमी होईल. 'कोणी नाही' म्हणालो, ती कमी होत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सकाळचं लिहून झालं आणि आलेख आवरायला घेतले. आवरता आवरता हात थांबला.

शोध खोटा, पण माप खोटं नाही. तार बदलली, गोळे लावून पाहिले, माप बरोबर होतं. मग पायरी लहान का झाली? सहाव्या हिश्शानं?

बसायची जागा तीच, कूड तोच. कमी झालं असेल तर एकच.

कुमुदला विचारलं, "तुझं वजन किती?"

"आता ते कशाला? कोष्टकात राहिलं म्हणून?"

१ एप्रिल

बोर्लीत सुपारीच्या व्यापाऱ्याचा काटा चांगला आहे, मीच दुरुस्त करतो. कुमुद त्यावर उभी राहायला लाजत होती. हमाल धर्मा म्हणाला, "वैनी, चढा बिनधास्त, पोत्याचं वजन वजा करू." ती चढली. सत्तेचाळीस किलो सहाशे. गेल्या पावसाळ्यात आरोग्य शिबिरात अठ्ठावन्न होतं. तेव्हाचा कागद तिनं पिठाच्या डब्यात जपून ठेवला आहे.

धर्मानं काट्याचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

डॉक्टरकडे गेलो. साखर चारशे बारा. डॉक्टरांनी विचारलं, "तहान केव्हापासून?" कुमुद म्हणाली, "थंडी सरताना असेल." "दुपारची किती वेळा उठता?" तिला सांगता येईना.

मला येत होतं, आलेखावरून. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दोनदा. महाशिवरात्रीनंतर चारदा. मार्चच्या मध्यावर आठदा. दर वेळी दहाएक मिनिटं. मी मिनिटासकट सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "वा. घरच्या माणसाचं इतकं लक्ष फार कमी बघायला मिळतं."

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. मी औषधाच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

डॉक्टरांना खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

१३ एप्रिल

वाचनालयात गेलो. मार्चच्या व्याख्यानाला जितके होते तितके बोलवा, असं आधीच सांगितलं होतं, आले सातजण. उभा राहून सांगितलं की पायऱ्या गुरुत्वाच्या पुंजाच्या नाहीत. कोठीत माझी बायको बसत होती, तिच्या आहेत. मी सगळ्या वस्तूंची वजनं धरली, तिचं धरलं नाही.

कोणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तर म्हणाले, "चालायचंच, विश्वंभर. प्रयत्न महत्त्वाचा." शाळेत तिसऱ्या नंबराला म्हणतात तसं. त्यांच्यावर रागवावं असं क्षणभर वाटलं. पण त्यांनी काय चुकीचं म्हटलं?

निवेदिताला कळवलं. ती म्हणाली, "काका, एका माणसाचं वजन भिंतीपलीकडून, घरी केलेल्या काट्यावर. आमच्या लॅबमध्ये हे सांगितलं तर लोक उठून उभे राहतील. खरंच."

या वेळी कळलं की खरंच म्हणाली. तरी बरं वाटलं नाही.

११ मे

इन्सुलिन चालू आहे. सकाळ-संध्याकाळ मी देतो. पहिले दोन दिवस मात्रा तीन-तीनदा मोजली. लेथवर एकदाच मोजतो.

सुपारी सोलायचं यंत्र पुरं केलं. कुमुदनं पाच-सहा सुपाऱ्या घालून पाहिल्या, सगळ्या दुभंगून बाहेर आल्या. "हे सोलत नाही हो," म्हणाली, "अडकित्त्याचं काम करतंय." ठमाबाई म्हणाली, "दादा, पानाचं दुकान टाका." पात्याचं अंतर चुकलं आहे. बदलतो.

सुपारीची खोली तिला परत द्यायची म्हणून काटा सोडवायला घेतला होता. कुमुद दारात उभी राहिली. आत आली नाही. मी जानेवारीत सांगितलं होतं ते अजून पाळते. "राहू दे," म्हणाली. "मला कोठीच बरी. आणि मी उठले-बसले की तुम्हाला कळतं ना त्यात?"

टोमणा होता की काय, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. काटा ठेवला. दाराचा कोयंडा काढून टाकला.

आता दुपारी वर्कशॉप बंद करून घरी येतो. काल ठिपका वर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. पायरी मार्चपेक्षा उंच आहे. हिशेबानं पन्नासच्या वर येते. पडताळ्याला पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर नेणार होतो. ती म्हणाली, "एका काट्यानं भागत नाही का तुमचं?" नेलं नाही.

मोकलांचा आज पुन्हा फोन. त्यांना सगळं माहीत आहे. म्हणाले, "सर, खरं काय ते आपल्या आठ-दहा लोकांना माहीत. पनवेलला कोण विचारतोय? काटा, जानेवारीपासूनचे ग्राफ, तुमचा फोटो. फक्त वैनींचा विषय काढायचा नाय, कुठंच नाय. आकडा वाढवतो." वाढवला.

नाही म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर ताठ उभा होतो. मग लक्षात आलं की आलेख तिचे होते आणि मी तिला विचारलं नाही.

कोठीत जाऊन सांगितलं. ती सोलत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "किती देत होता?"

सांगितलं. सहा लाख पंचाहत्तर हजार.